हृदय पुढे, हाडे मागे
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



हैदराबादेतील मराठी घरांत व्यायामाची परंपरा जुनी आहे. सूर्यनमस्कार, जोर-बैठका, खो-खो, आट्यापाट्या यांवर ज्या पिढीचा पिंड पोसला, त्या पिढीला भल्या पहाटे कपाळावर दिवा बांधून केबीआर उद्यानाच्या भोवती धावणारी चाळिशीची गृहस्थाश्रमी स्त्री प्रथम विलक्षणच वाटली असेल. आज ते दृश्य नित्याचे झाले आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पूर्वी बदली, बढती आणि मुलांचे प्रवेश हे विषय असत; आता त्यांत गुडघा, घोटा आणि किलोमीटर यांची भर पडली आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने केलेली पहिल्या मॅरेथॉनची तयारी हा आहे. ती बँकेत अधिकारी आहे, दोन मुलांची आई आहे, आणि आपले नाव घेतले जाऊ नये अशी तिची इच्छा आहे. म्हणून येथे तिचा उल्लेख केवळ 'ती' असा होईल.

शाळेत असताना तिने कोणत्याही शर्यतीत बक्षीस मिळविले नव्हते. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मुलीला पोहायला घेऊन जाता जाता, ती स्वतःच पोहण्यास शिकली. पुढे सायकल आली. शनिवारी पहाटे गंडीपेटच्या तलावापर्यंत जाऊन परत येणे, नंतर बाह्य वळणरस्त्यालगतच्या सौरपट्ट्यांचे छप्पर असलेल्या सायकलमार्गावर फेऱ्या घालणे, असा क्रम सुरू झाला. तिच्या विश्रांतीच्या वेळच्या नाडीचे ठोके मिनिटाला 74 वरून 56 वर आले. चाळिसाव्या वर्षी तिने गोव्याच्या ट्रायथलॉनसाठी नाव नोंदविले. 2019 पासून मिरामारच्या किनाऱ्यावर होणाऱ्या या स्पर्धेत 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे हे एकापाठोपाठ एक, न थांबता करावयाचे असते. स्पर्धा ऑक्टोबरमध्ये होती. हैदराबादची मॅरेथॉन बहुधा ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी असते. पोहणे येत होते, सायकल येत होती, कच्चे होते ते धावणेच. तेव्हा ऑगस्टमध्ये 42 किलोमीटर धावून मोकळे झाले, की ऑक्टोबरमधले 21 किलोमीटर म्हणजे हातचा मळ, असा हिशेब तिने मांडला.

कागदावर हा हिशेब चोख होता, आणि तो फसला. तो का फसला, हे या सभागृहातील अनेकांच्या उपयोगाचे आहे. फसगतीचे कारण आळस नव्हते, अज्ञानही नव्हते. उलट तिची प्रकृती फार चांगली होती, हेच ते कारण.

ट्रायथलॉन हा खेळ मुळात एका वादातून मोठा झाला. सॅन डिएगोच्या मिशन बे येथे 1974 साली तीन खेळांची अशी एक लहान शर्यत झाली होती. त्या शर्यतीत भाग घेतलेले अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी हे दांपत्य पुढे हवाई बेटांवर राहावयास गेले. तेथे अधिक दमदार कोण, पोहणारे की धावणारे, असा वाद रंगला असता कॉलिन्स यांनी सायकलपटूंचीही बाजू पुढे केली. आणि हा वाद मिटविण्यासाठी ओआहू बेटावरील तीन स्वतंत्र स्पर्धा एकाच दिवशी एकामागून एक कराव्यात अशी कल्पना मांडली. वाइकीकीचे समुद्रपोहणे, बेटाभोवतीची सायकल शर्यत आणि होनोलुलूची मॅरेथॉन या त्या तीन स्पर्धा. 18 फेब्रुवारी 1978 रोजी पंधरा पुरुष निघाले आणि बारा जण पोहोचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. सायकल संपली तेव्हा जॉन डनबार त्याच्या पुढे होता. पण धावताना त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर दिली. व्हायचे तेच झाले.

या कथेतील गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. मूळ वादाचा निकाल लावणाऱ्या त्या शर्यतीत धावणे शेवटी होते. आणि तीन खेळांतला दमदार कोण, हे बहुधा त्या शेवटच्या टप्प्यातच ठरते. पोहताना शरीराचा भार पाणी पेलते. सायकलवर तो खोगीर आणि चाके पेलतात. धावताना मात्र तो भार ज्याचा त्यालाच, पावलागणिक, आपल्या पायांवर घ्यावा लागतो. प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा उलट दाब शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो. सावकाश धावणारी व्यक्ती 42 किलोमीटरमध्ये चाळीस हजारांहून अधिक पावले टाकते. अठ्ठावन्न किलो वजनाच्या स्त्रीच्या नडगीने एका सकाळी काय सोसावयाचे, याचा गुणाकार ज्याने त्याने करून पाहावा.

आता हृदय आणि हाडे यांच्या स्वभावांतील अंतर पाहू जाता तिच्या फसगतीचे मूळ सापडते. नियमित व्यायाम सुरू झाला, की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढू लागते. हृदय एका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंतील ऊर्जानिर्मितीची यंत्रणा काही आठवड्यांत सुधारते. माणसाला दम लागेनासा होतो आणि आपण तयार झालो असे त्याला वाटते. अस्थींचा कारभार निराळा. वाढता भार पडू लागला, की हाड प्रथम स्वतःचा जीर्ण भाग कुरतडून काढते आणि मग तेथे नवा भरते. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करणारा गवंडी आधी पोपडे काढतो, सैल दगड उपसतो, आणि मगच चुना भरतो. तसेच हे काम. हे संपूर्ण चक्र पुरे होण्यास तीन ते चार महिने लागतात, आणि मधल्या काळात, विशेषतः भार वाढविल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, भिंत पूर्वीपेक्षा कमजोर असते. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडराही अशाच संथ. म्हणजे ज्या दिवसांत श्वास सर्वांत मोकळा वाटू लागतो, नेमक्या त्याच दिवसांत नडगी सर्वांत दुबळी असते.

ज्याने व्यायामाची सुरुवातच धावण्याने केली, त्याला हा धोका कमी. तो दमतो, थांबतो, घरी जातो. त्याचा कमजोर दमच त्याच्या हाडांची राखण करतो. पाच वर्षे पोहून आणि सायकल चालवून जिचे हृदय तयार झाले आहे, तिला थांबविणारे कोणी उरत नाही. तिच्या दृष्टीने 16 किलोमीटर धावणे म्हणजे दोन-अडीच तासांची, गप्पा मारता येतील अशी मजल. एप्रिलमध्ये ती आठवड्याला 18 किलोमीटर धावत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात हा आकडा 52 वर गेला. शिवाय सायकल आणि पोहणे यांत कपात नव्हतीच. शनिवारी साडेतीन तास सायकल, उतरल्याबरोबर वीस मिनिटे धावणे, आणि रविवारी पहाटे लांब पल्ल्याचे धावणे, असा तिचा आठवड्याचा शेवट असे. सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या या सरावाला ट्रायथलॉनच्या मंडळींत 'ब्रिक' म्हणतात. पाय विटांसारखे जड होतात, हे नाव त्याला शोभते.

तिच्या सोबत धावणाऱ्यांनी तिला सावध केले नाही असे नाही. पण सावध करणाऱ्यांपेक्षा कौतुक करणारे अधिक होते. धावणाऱ्या मंडळींत एमिल झाटोपेक याचा दाखला हमखास निघतो. चेकोस्लोव्हाकियाच्या या धावपटूने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर आणि 5,000 मीटर जिंकल्यावर, त्याच आठवड्यात, आयुष्यातील पहिली मॅरेथॉन धावून तीही जिंकली. एका वेळी अनेक आघाड्या लढविता येतात याचे याहून देदीप्यमान उदाहरण नाही. मात्र झाटोपेकच्या तिन्ही शर्यती धावण्याच्याच होत्या, आणि त्यांमागे वर्षानुवर्षे रोज धावून, अक्षरशः दळण दळल्यासारखी फेऱ्यांवर फेऱ्या घालून, घडविलेले पाय होते. दाखला देणारे हा अर्धा भाग सहसा गाळतात.

मराठी श्रोत्यांना जवळचा दाखला हवा असेल तर तो बेळगावचा आहे. फडेप्पा चौगुले हे 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर धावणाऱ्या शेतकरी तरुणांना पाहून दोराबजी टाटा यांनी जो संघ पाठविण्याचा उद्योग केला, त्यातले ते एक. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर नेहमीच्या 42.195 किलोमीटरऐवजी 42.75 किलोमीटर होते. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास एकोणिसावे आले. त्यांच्यासोबत गेलेले सदाशिव दातार यांना मात्र ती शर्यत पूर्ण करता आली नाही. दातारांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. समुद्र ओलांडून, परक्या थंडीत, तेवढे अंतर धावावयास उभे राहणारा तोही एक मराठी माणूस होता, एवढे तरी या निमित्ताने नोंदविले गेले पाहिजे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या डाव्या नडगीच्या आतील कडेला, घोट्यापासून वीतभर वर, दुखू लागले. प्रथम धावून झाल्यावर दुखे. मग धावण्यास आरंभ करताना दुखू लागले. दहा दिवसांनी बँकेच्या पायऱ्या चढतानाही. स्नायू दुखतो तेव्हा वेदना पसरट असते, दाबल्यावर बरेही वाटते. ही वेदना रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत होती, आणि तेथे बोट ठेवताच डोळ्यांत पाणी येई. त्या पायावर एकदाच उडी मारून पाहा असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा तिला ती मारता आली नाही. क्ष-किरण चित्र निर्दोष आले. येथे अनेक जण 'काही झालेले नाही' असे समजून पुन्हा धावू लागतात. वस्तुतः अशा दुखापतीच्या आरंभी क्ष-किरणांत बहुधा काहीच दिसत नाही. एमआरआय केल्यावर हाडाच्या आत सूज दिसली. तडा गेला नव्हता, परंतु जाण्याच्या बेतात होता.

त्यानंतर डॉक्टरांनी तिला दोन प्रश्न विचारले. किती आठवड्यांत किती किलोमीटर वाढविले, हा पहिला. जेवण कसे आहे आणि मासिक पाळी नियमित आहे का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाने ती गोंधळली. तीन महिने पाळी आली नव्हती; वयाचा परिणाम असेल असे तिने परस्पर ठरवून टाकले होते. पहाटेच्या व्यायामाआधी केवळ चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटे, दुपारी डब्यातील दोन पोळ्या, आणि वजन उतरले तर धावणे सोपे जाईल म्हणून रात्री एक वाटी सूप, असा तिचा आहार होता. सुलतान बाजारात राहणारी तिची आई दर रात्री फोनवर विचारी, "अगं, जेवलीस का नीट?" आणि ती म्हणे, "हो आई, जेवले." या संवादात खोटे काही नव्हते, फक्त दिवसातून दोनदा होणाऱ्या व्यायामात जे खर्च होत होते, ते ताटात परत येत नव्हते.

हा भाग येथे, शाळेच्या व्यासपीठावरून, बोलावा की नाही असा संकोच वाटणे साहजिक आहे. परंतु सभागृहात खेळणाऱ्या मुलींचे आईवडील बसले आहेत, म्हणूनच तो बोलला पाहिजे. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले, की शरीर काटकसर करू लागते, आणि तत्काळ जगण्यास ज्याची गरज नाही ते प्रथम बंद करते. पाळी थांबते, तिच्याबरोबर हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन घटते, हाडांची भरणी मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती पुरुष खेळाडूंतही आढळते असे सांगितले. खेळणाऱ्या मुलीची पाळी बंद झाली, तर मेहनतीचे लक्षण म्हणून ते मिरविण्यासारखे नाही, लपविण्यासारखे तर मुळीच नाही. ते वैद्याकडे जाण्याचे कारण आहे. आणखी एक गोष्ट सायकलपटूंसाठी. केवळ सायकल चालविल्याने हाडे बळकट होत नाहीत. रस्त्यावरील शर्यतींच्या कसलेल्या सायकलपटूंच्या मणक्यांची घनता कमी आढळल्याचे संशोधक पूर्वीपासून सांगत आले आहेत. तिच्या पाच वर्षांच्या तयारीने हृदयाला सर्व काही दिले होते आणि नडगीला जवळजवळ काहीच दिले नव्हते.

मुलांचा विषय निघाला आहे तर एक आठवण येथे देणे अप्रस्तुत ठरणार नाही. 2006 साली ओडिशात चार वर्षांच्या एका मुलाला पुरी आणि भुवनेश्वर यांच्या दरम्यान 65 किलोमीटर धावविण्यात आले. रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवीत होते. मूल अखेर कोसळले, आणि पुढे शासनाला त्याच्या अशा धावण्यावर बंदी घालावी लागली. टाळ्या वाजविणारे दुष्ट नव्हते. ते कौतुक करीत होते, एवढेच. वाढत्या वयाच्या हाडांच्या टोकांशी कोवळी वाढीची पट्टी असते. मुलांनी धावावे, पुष्कळ धावावे, पण खेळता खेळता. 42 किलोमीटरची घाई कोणत्याही पालकाने करू नये.

तिला सहा आठवडे धावणे बंद करण्यास सांगण्यात आले. ऑगस्टची मॅरेथॉन हातची गेली. भरलेले शुल्क गेले, कार्यालयात सर्वांना सांगून ठेवलेले होते ते अवघड झाले, आणि घरी धाकट्या मुलाने "मग तू आता हरलीस का?" असे विचारले. पहिले चार दिवस तिने पायताणांची खोकी माळ्यावर टाकून दिली. पाचव्या दिवशी ती तलावावर गेली आणि कमरेला तरंगपट्टा बांधून खोल पाण्यात, तळाला पाय न लावता, धावण्याची क्रिया करू लागली. दिसावयास हा प्रकार हास्यास्पद आहे. मुलांच्या पोहण्याच्या वर्गात त्यावर बरेच विनोदही झाले. तथापि नडगीवर भार न टाकता दम टिकवून धरण्यास याहून चांगला उपाय क्वचितच असेल. जेवणात रात्रीची भाकरी किंवा भात परत आला, सकाळी निघण्याआधी केळे आणि गूळपोळीचा तुकडा आला, रक्ततपासणीत कमी आढळलेल्या ड जीवनसत्त्वाची आणि लोहाची औषधे आली. दोन महिन्यांनी पाळी पूर्ववत झाली. तिच्या मते त्या वर्षातील सर्वांत महत्त्वाची वार्ता हीच होती, पदक नव्हे.

मॅरेथॉनच्या रविवारी ती जुबिली हिल्सच्या चढावर पाणी वाटत उभी होती. धावणाऱ्यांना बाहेरून पाहण्याचा तिचा तो पहिलाच प्रसंग. हैदराबादची शर्यत कठीण समजली जाते ती उगाच नव्हे: हुसेनसागरच्या काठची सपाटी संपली, की उड्डाणपूल आणि टेकड्या यांची रांग लागते, आणि ऑगस्टची दमट हवा घाम वाळू देत नाही. तिसाव्या किलोमीटरनंतरची माणसे निराळी दिसतात, असे तिने पाहिले. याचेही गणित आहे. धावण्यास दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, सुमारे एक किलोकॅलरी खर्च येतो; तिच्या वजनाला पूर्ण अंतरासाठी 2,400 च्या जवळपास. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली साखर पुरते दीड-दोन हजारांपर्यंत. चरबीचा साठा अमाप असला तरी तो सावकाश जळतो. ज्यांनी आरंभी घाई केली किंवा वाटेत काही खाल्ले नाही, त्यांची साखर तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरच्या दरम्यान संपते आणि पाय भिंतीला थडकल्यासारखे थांबतात. पाणी मात्र उत्साहाने प्रमाणाबाहेर देऊ नये, ही सूचना तिला स्वयंसेवकांच्या बैठकीत मिळाली होती. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण घटलेले आढळले होते, आणि त्याचा संबंध प्रामुख्याने अतिरिक्त पाणी पिण्याशी होता. तहान लागेल तसे, आणि जोडीला मीठ, हा नियम साधा आहे.

ऑक्टोबरमध्ये ती गोव्याला गेली. समुद्र शांत होता, सायकल उत्तम झाली, आणि 21 किलोमीटर तिने ठरवून, चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे या पद्धतीने काढले. तिच्यामागून सायकलवर आलेली कित्येक माणसे तिच्या पुढे निघून गेली. तिने ती जाऊ दिली. या स्पर्धेविषयी एवढेच सांगण्याजोगे आहे.

पुढील वर्षाची तयारी पाहण्यासारखी होती, कारण तीत काही भव्य नव्हते. जानेवारीत तिने आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी वीस मिनिटे, इतकेच धावून आरंभ केला. दम त्याच्या चौपट होता. तो वापरावयाचा नाही असे ठरले होते. दर तीन आठवडे थोडे वाढवावयाचे, चौथ्या आठवड्यात उतरावयाचे, आणि वाढ झाली की शरीराला ती पचविण्यास अवधी द्यावयाचा. मंगळवारी आणि गुरुवारी लहान धाव, रविवारी लांब धाव. सायकल बुधवारी घरातल्या घरात, आणि शनिवारची लांब सायकल दर आठवड्याऐवजी एक आठवडा सोडून. लांब सायकलच्या दुसऱ्या दिवशी लांब धाव कधीच नाही. मागील वर्षीचे सर्वांत मोठे पाप तेच होते. पोहणे रविवारी संध्याकाळी, तेही वेगासाठी नव्हे, शिणलेल्या पायांना पाण्यात सोडण्यासाठी. आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे आणि पाठीवर भार घेऊन बैठका. हा शेवटचा भाग तिच्या वडिलांना फार आवडला. बैठकांना इंग्रजी नाव देऊन पैसे घेऊन शिकवितात, याचे त्यांना परमाश्चर्य वाटले.

रविवारची धाव 16 किलोमीटरवरून 21, 24, 27 अशी वाढत जुलैअखेर 30 पर्यंत गेली आणि तेथेच थांबली. पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीत संपूर्ण 42 किलोमीटर धावून पाहण्याची आवश्यकता नसते. त्यातून मिळते त्यापेक्षा मोडते अधिक. दर चाळीस मिनिटांनी खजूर किंवा शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा, सोबत लिंबू, साखर आणि मिठाचे पाणी. बाजारात मिळणारी पाकिटे तिने आणून पाहिली. तिच्या पोटाला खजूर मानवला. शेवटचे तीन आठवडे धावणे कमी कमी होत गेले. या दिवसांत माणूस अस्वस्थ होतो, आपण सारे विसरत चाललो असे त्याला वाटते. तिने एका रात्री, सर्व ठरलेले मोडून, आणखी एकदा 25 किलोमीटर धावण्याचा बेत केला होता. पहाटे चारला उठली, बूट चढविले, दारापर्यंत गेली आणि डाव्या नडगीवर बोट ठेवून दाबून पाहिले. दुखत नव्हते. तरीही ती परत जाऊन झोपली. तिच्या साऱ्या तयारीतील हा सर्वांत अवघड क्षण असावा.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, अंधार असतानाच, ती हुसेनसागरच्या काठावरून निघाली. पहिले दहा किलोमीटर तिला लाज वाटावी इतक्या संथ गतीने गेले. पंजागुट्ट्याच्या उड्डाणपुलावर ती ठरल्याप्रमाणे चालली. जुबिली हिल्सच्या त्या चढावर, जेथे वर्षापूर्वी तिने पेले भरले होते, तेथे तिचे आईवडील टोपलीत केळी घेऊन उभे होते, आणि आईने सवयीने विचारले, "खाल्लंस का काही?" तिने हातातला खजूर दाखविला. दुर्गम चेरुवूवरील केबल पुलापाशी पायांत गोळे आले; अर्धा किलोमीटर ती चालली, मीठ चाटले, पुन्हा धावू लागली. गच्चीबावलीच्या क्रीडासंकुलात ती पोहोचली तेव्हा पाच तास अकरा मिनिटे झाली होती. धाकट्या मुलाने पदक हातात घेऊन त्याचे वजन करून पाहिले.

मंगळवारी ती या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे देण्यास शाळेत आली होती. दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयात जाताना ती जिना नीट चढली. उतरताना मात्र मांड्यांनी साथ नाकारली. मधली सुट्टी झाली होती आणि मुले धडाधड खाली उतरत होती. त्यांना वाट देत, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पाठमोरी, एकेक पायरी मोजीत, ती खाली आली.